गोव्यात सैन्य आलं तेव्हा

डिचोली, गोवा

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

"१९६१ साली भारतानं गोव्यावर आक्रमणच केलं ना?" असं वर्गात कुणी विचारलं आणि तुला उत्तर सुचलं नाही, हे तू परवा फोनवर सांगितलंस. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

तुझे आजोबा तेव्हा बारा वर्षांचे. १८ डिसेंबरला पहाटे पाखल्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, पूल उडवला. त्या आवाजानं गोठ्यातली गाय दावं तोडून पळाली, आणि आजोबा दिवसभर तिला शोधत कुळागरातून हिंडले. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत ४५१ वर्षांची राजवट संपलेली होती. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी तो मोडून शरणागती पत्करली. त्यांचे आपल्यावर उपकार आहेत असंच मी मानतो.

कायद्यानं आपली बाजू लंगडी होती, हे आधी कबूल कर. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेप्रमाणे स्वसंरक्षण किंवा सुरक्षा परिषदेची परवानगी, यांखेरीज बळ वापरता येत नाही. परवानगी आपल्याकडे नव्हती. उलट, सैन्य मागे घ्या म्हणणाऱ्या ठरावाला परिषदेत ७ मतं पडली, विरोधात ४. सोव्हिएत रशियानं नकाराधिकार वापरला म्हणून तो बारगळला.

तरीही ते योग्यच होतं, असं मी छातीठोक सांगेन. शस्त्राविना जे करता येण्यासारखं होतं, ते इथल्या माणसांनी आधी करून पाहिलं होतं. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांची सभा झाली, त्यानंतर कितीजण तुरुंगात गेले. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. पत्रादेवीचं स्मारक तू पाहिलं आहेस. दिल्लीनं चौदा वर्षं वाट पाहिली. सालाझार मात्र गोवा हा पोर्तुगालचाच प्रांत म्हणून बसला. बोलणार कुणाशी?

आणि नंतर काय झालं तेही बघ. १९६३ मध्ये निवडणूक, १९६७ मध्ये जनमत कौल. तुझ्या पणजोबांनी फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूनं मत दिलं. दोन पानं, म्हणजे गोवा वेगळा ठेवण्याची बाजू, जिंकली. पणजोबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, पण निकाल त्यांनी मानला. भारतात राहायचं की नाही, हे त्या कौलात विचारलंच नव्हतं, हा आक्षेप कुणी घेतला तर तो खोडू नकोस.

सैन्य पाठवणाऱ्या देशाला मी दोनच गोष्टी विचारतो: ज्यांच्यासाठी जाता, ते तुम्हाला बोलावतायत का? आणि नंतर त्यांचं ऐकणार का? १९८७ ला आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली. करार होता, तिथल्या सरकारची सही होती. पण ज्या तमिळांच्या रक्षणासाठी गेलो, त्यांच्याच गल्ल्यांत काही महिन्यांत आपले जवान तमिळ वाघांशी, म्हणजे एलटीटीई या सशस्त्र संघटनेशी, लढत होते. बाराशेच्या आसपास जवान गेले. तो विषय निघाला तर आपला देश म्हणून त्याची बाजू घेऊ नकोस.

चवथीला येशील तेव्हा उरलेलं बोलू. रात्री जागू नकोस.

तुझा,
बाबा