थकलेल्या हातांसाठी मदत हवी आहे

आमच्या पेठेतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात एक काका रोज संध्याकाळी येत. चाळीस वर्षं कोल्हापुरी पायताण बनवलेला माणूस. गेल्या दिवाळीनंतर त्यांची बोटं आखडली, वादी ओढता येईना, वेणी घालता येईना. आधी काम सुटलं, मग कट्ट्यावर येणं सुटलं, मग ताटातली भाकरी अर्धी राहू लागली. घरच्यांना वाटलं, वय झालं. आम्हालाही तसंच वाटलं, याची टोचणी अजून आहे. भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "आता नुसतं बसून खायाचं. कुणाच्या काय उपेगाचा मी?"

तेव्हापासून आम्ही एकमेकांचे हात बघायला लागलो. ब्लाऊजचे हूक लागत नाहीत म्हणून अंबाबाईच्या दर्शनाला जाणं सोडलेल्या एक आजी निघाल्या. खासबागेत कुस्त्या मारलेले एक वस्ताद निघाले. भरलेला तांब्या उचलत नाही, म्हणून ते लग्नाच्या पंगतीला जात नाहीत. दोघांनीही घरात कारण वेगळंच सांगितलं होतं.

मुठीची पकड कमी असलेल्या वृद्धांमध्ये नैराश्याची लक्षणं जास्त आढळतात, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. कशामुळे काय होतं हे प्रत्येकाचं वेगळं. खांदा रात्री दुखतो, झोप मोडते, दुसऱ्याकडून घास भरवून घ्यायची वेळ येते आणि मन खचतं. उलटही घडतं. मन खचलं की माणूस हलत नाही, नीट जेवत नाही, आणि हाताची ताकद आणखी उतरते. २०१७-१८ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभर ४५ वर्षांपुढच्या लोकांची मोठी पाहणी केली. साठीपुढच्या शंभरांतल्या सुमारे आठ जणांत नैराश्य असावं असं त्यात दिसलं, पण डॉक्टरांकडून तसं निदान झालेले शंभरांत एकही भरत नव्हते. बाकीचे आपल्याच घरांत आहेत, "गप्प गप्प असतात हल्ली" एवढ्यावर सोडलेले.

तालमीने आम्हाला मागची खोली दिली आहे. तिथे दर शनिवारी सकाळी हातांची तपासणी आणि व्यायाम सुरू करायचे आहेत. पकड मोजायचं यंत्र, मेणाच्या शेकाचं भांडं, मऊ चेंडू, जाड मुठीचे चमचे आणि फिजिओथेरपिस्टचं सहा महिन्यांचं मानधन मिळून ६०,००० रुपये लागतील. वर्गणीतून १८,००० जमले आहेत. उरलेल्या ४२,००० साठी हात पसरतो आहोत. मधुमेहाने बोटं बधिर झालेल्यांना मेणाचा शेक भाजू शकतो, म्हणून जाणकार माणूस हवाच, त्या पैशात काटकसर करणार नाही. व्यायामानंतर चहा आणि मनाबद्दलचे पंधरा साधे प्रश्न. ज्यांचं उत्तर काळजीचं येईल त्यांना आम्ही सोबत घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ, एकटं पाठवणार नाही.

पैशांइतकीच वेळेची गरज आहे. रिक्षावाल्या भावांनी शनिवारची एक फेरी दिली तर जिना उतरू न शकणारे येतील. फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलामुलींनी दोन तास द्यावेत. घरी जाड मुठीची भांडी पडून असतील तर तीही आणा.

एक गोष्ट मात्र शनिवारपर्यंत थांबवू नका. एका हातातली ताकद अचानक गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो लकवा असू शकतो. लगेच सीपीआर (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. आणि घरातलं कुणी जगणं नकोसं झाल्याचं बोलत असेल, तर १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर कधीही विनामूल्य बोलता येतं.

वर्गणी तालमीत रोज संध्याकाळी सहा ते आठ घेतली जाईल. पावती मिळेल, हिशेब दर महिन्याला फळ्यावर लागेल. पायताणवाल्या काकांनी पहिल्या शनिवारी यायचं कबूल केलं आहे. त्यांना घरून घेऊन यायला रिक्षा अजून ठरलेली नाही.