फोटोतलं रिव्हॉल्व्हर माझं नाही

सॅन अँटोनियो, टेक्सस
रविवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांस, शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. जेवतो वेळेवर. आता मामीने दाखवलेल्या त्या फोटोबद्दल. आई, रिव्हॉल्व्हर टेबलावर होतं, माझ्या हातात नव्हतं. माझ्या व्हिसावर इथे बंदूक अशी सहजासहजी घेताच येत नाही, आणि मला हौसही नाही. ते घरमालक आजोबांचं. माझ्या डोक्यावरची टोपीसुद्धा त्यांचीच.

हे आजोबा रविवारी काउबॉयसारखे कपडे करून मित्रांबरोबर लोखंडी पाट्यांवर नेम धरतात. या खेळाची १९८७ पासून रीतसर संघटना आहे. प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यायचं, दुसऱ्याचं चालत नाही. वेडेपणा वाटेल, पण पाडव्याला गिरगावात नऊवारी नेसून, फेटे बांधून बुलेटवर निघणाऱ्या बायकांचा व्हिडिओ मी त्यांना दाखवला, तर तेच मला म्हणाले, "हे काय वेड!"

त्यांना आणखी एक रिव्हॉल्व्हर घ्यायचं होतं, आणि मी मेकॅनिकलवाला म्हणून मला दुकानात नेलं. बाबा, तुम्हाला हे आवडेल. तिथे दोन प्रकार होते, जुन्या बांधणीचं आणि नव्या. दोन्हींत दर गोळीला घोडा, म्हणजे मागचा ठोका देणारा खटका, अंगठ्याने मागे ओढावा लागतो. जुनी बांधणी १८७३ च्या कोल्टची. आत पट्टीच्या स्प्रिंगा, आणि घोडा ओढताना चार वेळा 'टक्' वाजतं. त्यात टोचणारी पिन घोड्यालाच असते, म्हणजे घोडा खाली असला की ती थेट काडतुसाच्या बुडावर टेकते. हातातून पडलं तर गोळी सुटू शकते. म्हणून सहा घरांच्या चक्रात पाचच काडतुसं! एक घालायचं, एक घर सोडायचं, पुढची चार घालायची, घोडा पूर्ण ओढायचा आणि अलगद खाली आणायचा. तो बरोबर रिकाम्या घरावर येतो. मी पाटावर सहा वाट्या मांडून हे करून पाहिलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

रुगर कंपनीने १९७३ मध्ये यावर तोडगा काढला. पिन सांगाड्यात, आणि मध्ये पोलादी पट्टी. चाप दाबलेला असेल तरच ती वर येते आणि घोड्याचा ठोका पिनेपर्यंत पोचवते. शिवाय गुंडाळीच्या स्प्रिंगा, त्या सहसा तुटत नाहीत. सहाही घरं बिनधास्त भरा. मी ठामपणे म्हटलं, हेच घ्या. आजोबा हसले. म्हणे, आमच्या खेळात नवं असो की जुनं, पाचच भरायची, नियमच आहे. माझी सगळी इंजिनिअरिंग तिथेच संपली. त्यांनी जुन्या बांधणीचं घेतलं. का, तर तो चार 'टक्'चा आवाज. बाबा, तुम्ही एचएमटी टाकायला तयार नाही ना, तसंच.

त्यांचा मुलगा सिअ‍ॅटलला, वर्षातून एकदा येतो. मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच नेतो त्यांना. म्हणजे फार काही नाही, गाडीने दहा मिनिटं.

गणपतीला यायचं यंदा जमत नाही. व्हिसाच्या शिक्क्यासाठी तारीख मिळाली नाही. मी प्रयत्न केला नाही असं समजू नका. दीड लाख पाठवलेत. त्यातून बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून टाका, बिल्डरच्या भाड्याच्या चेकची वाट पाहू नका. उरले तर ताईच्या हॉलचं बुकिंग. डोंबिवलीच्या स्थळाचं म्हणाल तर तिचा फोटो पाहिला, चांगली आहे, पण तिला इथे यायचंय का हे आधी तिलाच विचारा. मी टाळत नाहीये.

ऑपरेशनच्या दिवशी टॅक्सी करा, बसने जाऊ नका. मामाला बरोबर न्या. मी त्याच्याशी बोललोय.

तुमचा,
बंड्या

ता. क. आई, मेतकूट संपलं.