बॅटरी बदलायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानले असते तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषयच संपवला असता. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं हे जाहीर पत्र.

त्या दिवशी आईला डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं होतं आणि गाडी सेल्फ घेईना, नुसतीच टकटक. एका गॅरेजवाल्याने गाडी न बघता, फोनवरच, अल्टरनेटर (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा भाग) गेल्याचं ठणकावून सांगितलं. आम्ही रिक्षाने जाऊन आलो, तर तुम्ही व्होल्टेज मोजायचा मल्टीमीटर घेऊन पार्किंगमध्ये हजर! बॅटरीला लावल्यावर आकडा आला 11.7 व्होल्ट. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी उभ्या गाडीत 12.6 च्या आसपास दाखवते, हे तेव्हा कळलं. लोकलने ऑफिसला जाणाऱ्यांच्या गाड्या आठवडाभर उभ्याच, त्यात आपल्या ठाण्याची गरमी. बॅटरीचं आयुष्य त्यानेच घटतं, असं तुम्ही म्हणालात.

उभा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाने ते काम हां हां म्हणता उरकलं असतं. तुम्ही मात्र दहा नंबरचा पाना माझ्या हातात दिलात आणि शेजारी स्टूल टाकून बसलात. आधी बांगड्या आणि अंगठी काढायला लावलीत, डोळ्यांवर चष्मा चढवायला लावलात. मग म्हणालात, "काळी वायर निगेटिव्हची, लाल प्लसची. काढताना आधी काळी, मग लाल. बसवताना आधी लाल, मग काळी."

आणि का ते समजेपर्यंत पुढे जाऊ दिलं नाहीत, याचं मला सर्वांत जास्त मोल वाटतं. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह तशीच ठेवून प्लसचा नट सोडवताना पाना बॉडीला टेकला, की थेट शॉर्ट. ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. निगेटिव्ह सुटली की तो धोका टळतो. घोकून लक्षात ठेवलं असतं तर महिन्याभरात उलटसुलट झालं असतं. आता नाही होणार.

प्लसच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर इतका जमला होता की नट दिसतही नव्हता. कोमट पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा त्यावर पडताच फसफसून फेस आला. जुन्या टूथब्रशने घासल्यावर खालचं शिसं चकचकीत दिसू लागलं, तेव्हा तुमचाही चेहरा खुलला होता, काका.

जुनी बॅटरी तुम्ही दुकानात बरोबर न्यायला सांगितलीत. प्लस कुठल्या बाजूला आहे ते पडताळता आलं, नव्या बॅटरीवरची बनवल्याची तारीख बघून घेतली, आणि जुनीतल्या शिशाला किंमत असल्यामुळे बिलातून तेवढे पैसे वजा झाले. बसवल्यावर खालचा क्लॅम्प तुम्ही स्वतः हलवून पाहिलात. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत सैल बॅटरी आदळत राहिली तर आतल्या प्लेटा तुटतात, म्हणालात. टर्मिनलला व्हॅसलिनही लावून घेतलंत.

गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. मला वाटलं, झालं काम. तुम्ही चालू इंजिनावर पुन्हा मल्टीमीटर लावायला लावलात: 14.2 व्होल्ट. म्हणजे बॅटरी चार्ज होतेय, अल्टरनेटर ठणठणीत. त्या एका आकड्याने माझे किती पैसे वाचले ते तुम्हाला ठाऊक आहेच. काकू दोनदा जेवायला हाक मारून गेल्या, तरी तुम्ही हललात नाहीत. त्यांचेही आभार, आणि त्या दिवशी गार झालेल्या जेवणाबद्दल आमच्याकडून पुरणपोळी ठरली.

आपल्याच विंगमधल्या दोघीजणी हे शिकायचं म्हणताहेत. येत्या रविवारी त्यांच्या गाड्यांची टर्मिनल्स साफ करायची ठरवली आहेत. सोडा आणि ब्रश मी आणते. तुम्ही फक्त स्टूल घेऊन या.

तुमची शेजारीण,
वर्तकनगर, ठाणे