इथे बोंडू फेकत नाहीत

साओ पाउलो, ब्राझील,
रविवार, रात्री

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि तुम्ही नुसतं "हां, हां" करता, ते मला कळतं. म्हणून लिहितेय. दादाला मोठ्या अक्षरांत छापून द्यायला सांगितलंय. आई, तू वाचून दाखवणार असशील तर मधलं काही गाळू नकोस.

आज अखेर शहर पाहिलं. चार महिने ऑफिस, खोली आणि समोरचं दुकान एवढंच चाललं होतं. "एकटी खंय फिरा नको" हे आईचं पालुपद ऐकून शेवटी दिवसभरासाठी गाडी आणि गाईड केली, माझ्या एकटीसाठी. किती पैसे गेले ते विचारू नका.

गाईडबाई साठीच्या, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. वंशाने जपानी, जन्म इथलाच. गाडीत बसल्या बसल्या बजावलं, बॅग पोटाशी धर, रस्त्याच्या कडेला फोन बाहेर काढू नकोस, सायकलवरून येऊन हिसकतात. आई, मला क्षणभर तूच इंग्रजी बोलायला लागलीस असं वाटलं. मग स्वतःच पर्स उचकत "शावी, शावी" असं पुटपुटायला लागल्या. त्यांनी सांगायच्या आधीच मी सीटखालून चावी काढून दिली! इथली भाषा पोर्तुगीज; साबण, पगार, पाव, बटाटा हे शब्दही इथूनतिथून आपल्यासारखेच ऐकू येतात, फक्त नाकातून.

आधी गेलो पातिओ दो कोलेजिओला. २५ जानेवारी १५५४ ला येशूसंघाच्या पाद्र्यांनी इथे शाळा काढली आणि तिच्याभोवती हे गाव वसलं. याच संघाचे सेंट झेवियर त्याआधी १२ वर्षं गोव्यात उतरले होते. आत्ताची इमारत नव्याने बांधलेली आहे. जुन्या भिंतीचा एक तुकडा जपलाय, तोही ठोकून ठोकून रचलेल्या मातीचा. कोटीहून जास्त वस्तीच्या शहराचं मूळ म्हणून ती मातीची भिंत बघताना मजा वाटली.

बाबा, आता तुमच्यासाठी. हे शहर समुद्राकाठी नाही. सांतोस बंदर खाली, मध्ये घाट, आणि हे वर सुमारे ७६० मीटरवर. म्हणजे वेंगुर्ल्याहून आंबोली चढून जावं तसंच. इथली तिएते नदी तर समुद्रापासून जेमतेम २०-२२ किलोमीटरवर उगम पावते आणि समुद्राकडे पाठ फिरवून आत, पश्चिमेला वाहत जाते. मी म्हटलं, आमची कृष्णा हेच करते, फक्त उलट्या दिशेला. मास्तरीणबाई इतक्या खूश झाल्या, की गाडी बाजूला घेऊन मला कागदावर सह्याद्री काढायला लावला. शहरातून जाताना ती नदी मात्र काळी आहे, तिच्याबद्दल त्या फार बोलल्या नाहीत. १८६७ मध्ये या घाटातून सांतोसपर्यंत रेल्वे झाली, त्यावरून कॉफी उतरली आणि पैसा वर चढला.

मग मोठी मंडई. १९३३ ची इमारत, रंगीत काचांच्या खिडक्या, त्यांवर शेतकरी आणि गुरं. लोक हातभर जाड मांसाचे काप घातलेला पाव खात होते, ते मला जमलं नाही. खारवलेल्या सुक्या माशाचं सारण भरून तळलेली एक मोठी करंजी खाल्ली. आई, माशाला आपल्या खाऱ्याचा वास होता.

आणि फळांच्या गाळ्यावर काजूचे बोंडू! लाल-पिवळे, बी तशीच लटकलेली, एकेक पुसून ट्रेमध्ये मांडलेले. भाव ऐकून मी दोनदा विचारला. आपल्या बागेत मार्चमध्ये झाडाखाली सडतात, पाय घसरतो म्हणून बाबा ओरडतात, तेच. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणला. इथे बोंडूचा रस लोक पितात. मीही प्याले. घशाला तीच ओढ बसते.

दुपारी जपानी वस्ती, लिबरदाजी. १९०८ मध्ये 'कासातो मारू' बोटीने ७८१ जपानी सांतोसला आले, कॉफीच्या मळ्यांवर राबायला. बाईंचे आजोबा नंतरच्या एका बोटीने आले. थोडी वर्षं पैसे साठवायचे आणि परत जायचं, अशा बोलीने बहुतेक सगळेच आले होते, त्या म्हणाल्या. आजोबांनी ट्रंक शेवटपर्यंत पलंगाखाली बांधून ठेवली होती. मी पुढे काही विचारलं नाही.

पावलिस्ता रस्ता रविवारी गाड्यांना बंद असतो, म्हणून तिथे पायी. तिथलं संग्रहालय चार लाल खांबांवर उचललेलं, खाली ७४ मीटर मोकळी जागा, आणि वर चित्रं भिंतीवर नाहीत, काचेच्या पाट्यांवर उभी. लीना बो बार्दी या वास्तुकार बाईंनी बांधलं, बाबा, १९६८ साली. शहरात जाहिरातींचे मोठे फलक जवळजवळ दिसत नाहीत, २००७ पासून कायद्याने बंदी. वाढदिवसाचे बॅनर लावणारी आपल्याकडची मंडळी इथे उपाशी मरतील.

रस्त्यावर एकीने तव्यावर ओलसर पांढरा चुरा पसरला, तो आपोआप धरला आणि घावण झालं. वर ओलं खोबरं. तापिओका म्हणतात. आई, हा तुझ्या साबुदाण्याचाच कंद, मूळ इथलाच. त्यात बटाटा, मिरची, शेंगदाणे घाल. तुझी एकादशी सगळी अमेरिका खंडातून येते, हे भटजींना सांगू नकोस.

आता जे फोनवर सांगता येत नव्हतं ते. माझं काम एक वर्षाने वाढवलंय, मी हो म्हटलंय. मार्चमध्ये येते म्हणाले होते, ते जमणार नाही. चतुर्थीला येईन. तिकीट काढलं की नंबर दादाला पाठवते, म्हणजे तुमचा विश्वास बसेल. ट्रंक वगैरे काही बांधलेली नाही. दोन बॅगा आहेत, त्यातली एक अजून उघडलीच नाही.

बाबा, गुडघ्याचं तेल संपलं असेल. यंदा काजू वेचायला गडी लावा, स्वतः वाकू नका. आणि चार चांगले बोंडू बाजूला ठेवून, पिळून, गाळून, मीठ-साखर घालून पिऊन बघा. आई नाक मुरडेल, तरी तिलाही द्या.

तुमची,
सई

ता. क. बॅग दिवसभर पोटाशीच होती.