सतरा नंबरच्या फॉर्मची तारीख ठळक छापावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की आपल्या अंकात पेढे भरवणाऱ्या मुलामुलींचे फोटो येतात. ते बघून मला मनापासून आनंद होतो. त्याच पानावर थोडी जागा आमच्यासारख्यांनाही मिळावी, म्हणून हे पत्र.

मी अकोले तालुक्यातल्या एका वाडीवर अंगणवाडी मदतनीस आहे. पोरं गोळा करून आणायची, झाडलोट करायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची. दहावी झाली आणि लगेच लग्न झालं. आता सेविका व्हायचं तर बारावी लागते, म्हणून सतरा नंबरचा, म्हणजे कॉलेजात न जाता परीक्षा देण्याचा, फॉर्म भरून बाहेरून बसले. मराठी, इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, समाजशास्त्र निघाले. इंग्रजी राहिलं. शंभरात २७.

"या वयात कशाला हा खटाटोप?" हे वाडीत ऐकून घेतलं. मोबाइलवर सुविचारही पुष्कळ आले, धीर धरा, सकारात्मक राहा म्हणून. पाठवणाऱ्यांची माया मला कळते. पण दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडायचं बळ त्यातून येत नाही. ते मला गुणपत्रिकेतूनच मिळालं. आमच्या सेविकाताईंनी ती हातात घेतली आणि म्हणाल्या, "अगं, पासाला ३५ लागतात. तुला आठच कमी पडलेत. हे आठ कुठून आणायचे तेवढं बघू." निघालेल्या विषयांना सूट घेता येते, ते पुन्हा द्यावे लागत नाहीत, हेही त्यांनीच समजावलं. मंडळाची ही सोय माझ्यासारखीला फार मोठी आहे. सगळं पहिल्यापासून करायचं असतं, तर मी बहुधा थांबले असते.

मग जुने पेपर पुढ्यात घेतले. कविता मला अजून अवघड जाते. पण नोट-मेकिंगमध्ये उताऱ्यातलेच शब्द नेमक्या चौकटीत भरायचे असतात, ते जमतं. अपील म्हणजे आवाहन लिहायचं तर रक्तदान, पाणी वाचवा, झाडं लावा असे विषय फिरून फिरून येतात. कोठीच्या दाराला आतल्या अंगाने मी रोज खडूने पाच शब्द लिहिते. तांदूळ काढायला आत गेलं की ते दिसतात आणि खिचडी उतरवेपर्यंत तोंडात घोळतात. दुसऱ्या दिवशी स्पेलिंगसकट आठवला तरच शब्द पुसायचा. 'अवेअरनेस' कितीतरी दिवस दारावरच होता. तो पुसला त्या दिवशी सेविकाताईंनी चहा केला. माझी उमेद टिकली आहे ती या दारामुळे, आणि "आज कुठले पाच?" असं रोज न चुकता विचारणाऱ्या त्यांच्यामुळे.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, हे दर ३ जानेवारीला अंगणवाडीत आम्ही सांगतो. दिवसा काम करणाऱ्या माणसाला शिकायची वेळ कधी मिळते, याचा विचार त्यांनी तेव्हा केला होता. आज शाळा सुटलेल्या बाईला फॉर्म भरून घरी अभ्यास करता येतो, पण ते तिला कुणी सांगतच नाही. आमच्या बचत गटातल्या दोघींना सतरा नंबरचा फॉर्म कळला तेव्हा मुदत संपली होती. त्यांचं वर्ष गेलं, आणि तेवढ्यावरून घरच्यांनी "आता राहू दे" म्हटलं ते वेगळंच.

म्हणून विनंती अशी की, मंडळाने तारखा जाहीर केल्या की त्या आतल्या पानावर बारीक टायपात जाऊ नयेत. पहिल्या पानावर तळाला चार ओळी ठळक छापाव्यात. शेवटची तारीख, विलंब शुल्क कधीपासून, आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो, एवढं त्यात यावं. दाखल्याचं आवर्जून लिहा, कारण तो हरवला असेल तर दुसरी प्रत काढण्यातच बरेच दिवस जातात. आमच्या वाडीवर पेपर दुपारच्या एस.टी.ने येतो. त्या चार ओळी मी बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवीन, आणि त्या दोघींचे फॉर्म त्याच आठवड्यात भरून घेईन.

आपली,
एक अंगणवाडी मदतनीस
ता. अकोले, जि. अहिल्यानगर