बाबा, एफडी मोडू नका

सॅन डिएगो
रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही एफडीचा विषय काढलात आणि मी 'बघू' म्हणून टाळलं. फोनवर आपलं असंच होतं. तुम्ही एक वाक्य बोलता, तेवढ्यात आई फोन घेते, मग इकडून ओवी मध्ये घुसते. म्हणून लिहिते आहे. ती एफडी मोडायची नाही. या सत्राची फी भरून झाली आहे आणि घरखर्च सांभाळून भरली आहे. 'चांगल्या युनिव्हर्सिटीत जा, पैशाकडे बघू नको' हे तुम्ही पोटतिडकीने म्हणालात, ते कळतं मला. पण मी शिकते ते कम्युनिटी कॉलेज चांगलं नाही असं तुम्ही धरूनच चालला आहात, आणि त्यावर मला तुमच्याशी भांडायचं आहे.

कम्युनिटी कॉलेज म्हटलं की तुम्हाला संध्याकाळचे टायपिंगचे क्लास आठवतात, हे मला ठाऊक आहे. तुमचा अगदीच दोष नाही, इथल्या आपल्या लोकांनाही तसंच वाटतं. 1960 साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा एक आराखडा केला आणि तीन पायऱ्या आखून दिल्या. वर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, मध्ये स्टेट युनिव्हर्सिटी, खाली कम्युनिटी कॉलेजं. खालच्यांनी कोणालाही प्रवेश द्यायचा, पण दोन वर्षं शिकवून थांबायचं. पुढची पदवी हवी तर वरच्या पायरीवर जा. ही वेस पन्नासहून जास्त वर्षं टिकली. 2014 मध्ये कायदा झाला, गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सही केली आणि पंधरा कम्युनिटी कॉलेज डिस्ट्रिक्टना (म्हणजे त्या त्या भागातली कॉलेजं चालवणाऱ्या मंडळांना) प्रत्येकी एक बॅचलर पदवी सुरू करायची मुभा मिळाली. प्रयोग म्हणून. त्याआधीच देशातल्या वीसहून जास्त राज्यांत अशा पदव्या चालू होत्या, कॅलिफोर्निया मागून आला.

त्या कायद्यात एक अट होती, ती तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत जी पदवी आधीपासून आहे ती कम्युनिटी कॉलेजने द्यायची नाही. त्यामुळे कॉलेजांनी विषय असे निवडले की ज्यांना नोकरीच्या बाजारात मागणी आहे पण विद्यापीठांनी हात लावलेला नाही. कुठे दातांची निगा, कुठे श्वसनोपचार, डोंगराळ भागातल्या एका कॉलेजात घोडे आणि रँच सांभाळण्याची पदवी. सायप्रस कॉलेजात तर अंत्यसंस्काराच्या व्यवसायाची पदवी आहे (आई, हे वाचून तू कपाळाला हात लावणार). आमच्या सॅन डिएगो मेसा कॉलेजने हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट घेतलं, म्हणजे रुग्णांच्या नोंदींचं व्यवस्थापन. 2021 मध्ये आणखी एक कायदा झाला आणि प्रयोग कायमचा झाला. तेव्हा 'तोच कोर्स युनिव्हर्सिटीतून कर' हे म्हणायला सोपं आहे, पण ज्या सरकारी विद्यापीठांचं नाव तुमच्या मनात आहे तिथे हा कोर्सच नाही.

आता पैसे. राज्याच्या रहिवाशाला पहिल्या दोन वर्षांच्या अभ्यासाला युनिटमागे 46 डॉलर पडतात (युनिट म्हणजे अभ्यास मोजायचं माप). वरच्या दोन वर्षांना त्यावर आणखी 84, म्हणजे 130. साठ युनिट खालची, साठ वरची, एकूण 10,560 डॉलर. ही संपूर्ण चार वर्षांची फी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची एका वर्षाची फी याहून जास्त होते, तीही रहिवाशांना. पुस्तकं, परीक्षांचे अर्ज वगैरे वेगळं, ते कुठेही असतंच. शिवाय माझ्या होमिओपॅथीच्या, म्हणजे बीएचएमएसच्या गुणपत्रिका तपासून घेतल्यामुळे काही विषय सुटले आहेत. तुम्ही सगळं आयुष्य सरकारी नोकरीत काढलंत, स्वस्त म्हणजे हलकं असं तुम्ही तरी म्हणू नये.

आई, तुझं वेगळं आहे. तुला फीची काळजी नाही, तुला सुलभाकाकूंना काय सांगायचं याची आहे. 'डॉक्टर झालेली पोरगी आता फायली लावणार' असं तू बाबांना म्हणालीस. फोन स्पीकरवर होता. राग आला नाही, खरंच. विट्याचा दवाखाना बंद करून आले तेव्हा मीही मनात असंच काहीतरी म्हणत होते. पण इथे बीएचएमएसवर रुग्ण तपासता येत नाहीत आणि एमडीच्या वाटेला लागायची परीक्षाही देता येत नाही. हे आल्यावर लगेच कळलं होतं, पचायला वेळ लागला. ग्रीन कार्ड आल्यावर संदीप म्हणाला, आता हवं ते कर. मला दवाखान्याच्या जवळपासचंच काहीतरी हवं होतं.

तर फायली लावणं म्हणजे काय ते ऐक. रुग्ण घरी गेला की त्याच्या केसपेपरमधला प्रत्येक आजार, प्रत्येक शस्त्रक्रिया कोडमध्ये बसवायची असते. आजारांचे कोड आयसीडी-10 या यादीतून घ्यायचे. अमेरिकेत ती 1 ऑक्टोबर 2015 ला लागू झाली आणि आधीच्या चौदा हजारांच्या आसपास कोडऐवजी एकदम सत्तर हजारांच्या घरातले कोड हातात आले. इतके कशाला, तर ही यादी फार खोलात शिरते. आजीला गोठ्यात गाईने ढुशी दिली होती आणि मनगट मोडलं होतं, आठवतं? इथे नुसतं 'मनगट मोडलं' चालत नाही. डावं की उजवं, हाड कातडीबाहेर आलं का, ही पहिली भेट की प्लास्टर काढायला आलात, सगळ्याचा आकडा किंवा अक्षर वेगळं. आणि गाईने ढुशी दिली त्याचाही कोड आहे, डब्ल्यू 55.22. गाय चावली असती तर 55.21. वर्गात हे निघालं तेव्हा सगळे हसले, मीही हसले, आणि मला एकदम आजीचा आवाज आठवला.

या कोडवर पैसा ठरतो, म्हणून त्याला एवढं महत्त्व. इथे म्हाताऱ्यांच्या आजारपणाचा खर्च मेडिकेअर नावाची सरकारी योजना करते. 1983 पासून ती हॉस्पिटलने लावलेलं बिल बघून पैसे देत नाही. रुग्ण कोणत्या गटात मोडतो ते कोडवरून ठरतं आणि त्या गटाची ठरलेली रक्कम मिळते. न्यूमोनिया साधा की गुंतागुंतीचा, यात हॉस्पिटलला मोठा फरक पडतो. मग मोह होतो. तो होऊ नये म्हणून नियम आहेत, आणि आई, तुझ्या डॉक्टर पोरीला तेच सगळ्यात जड जातात. रिपोर्टमध्ये सोडियम घसरलेलं मला दिसतं. का घसरलं असेल तेही सुचतं. पण डॉक्टरांनी स्वतः निदान लिहिलं नसेल तर मी तो कोड लावायचा नाही. त्यांना लेखी विचारायचं, आणि विचारतानाही 'अमुक आहे ना?' असं उत्तर तोंडात घालायचं नाही. 'या तारखेचा आकडा असा आहे, असे उपचार दिले आहेत, याबाबत आपलं निदान काय' एवढंच. माझा हात सुरुवातीला सारखा शिवशिवायचा. आता कमी झालंय.

आणि कोडिंग हा अभ्यासाचा एक तुकडा झाला. उरलेल्यात कायदा आहे, संख्याशास्त्र आहे, डेटाबेस आहेत, खात्याचं अंदाजपत्रक आणि माणसं सांभाळणं आहे. 2009 मध्ये सरकारने हॉस्पिटलांना संगणकावर नोंदी ठेवायला पैसे दिले आणि काही वर्षांत कागद गेला. कागद गेला तरी चुका राहिल्याच, उलट त्या वेगाने पसरायला लागल्या. बाबा, हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. सातबाऱ्यावर एका फेरफारात नाव चुकलं की पुढच्या दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढतात, हे तुम्ही तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये बसून बघितलंय. इथे एका माणसाच्या नावाने दोन नोंदी उघडल्या जातात, किंवा दोन माणसं एकाच नोंदीत जातात, आणि एका नोंदीतली ॲलर्जी दुसरीत दिसत नाही किंवा एकाची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर चढते. ते शोधून दुरुस्त करणं हा आमच्या विषयातला एक मोठा भाग आहे.

तो शिकताना मला तुमची अँजिओप्लास्टी आठवत होती. तुमच्याच नावाच्या दुसऱ्या गृहस्थांचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट तुमच्या फायलीला लागला, डाय (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध) देता येईल की नाही म्हणून सगळं थांबलं, आणि आपण किडनीच्या काळजीत बसलो. मी इथून फोनवर नेफ्रॉलॉजिस्ट शोधत होते. आईने चष्मा लावून वय वाचलं, अठ्ठावन्न! 'हे यांचे नाहीतच' म्हणाली. आई, त्या दिवशी माझ्या विषयातलं काम तू केलंस. आता सुलभाकाकूंना हेच सांग.

हा धंदा नवीनही नाही. 1928 मध्ये अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बायकांनी आपली संघटना काढली, तिच्या पहिल्या अध्यक्ष ग्रेस व्हाइटिंग मायर्स बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या ग्रंथपाल होत्या. आज तीच संघटना नोंदींचं व्यवस्थापन करणाऱ्यांसाठी आरएचआयए नावाची परीक्षा घेते. मान्यताप्राप्त कॉलेजातून ही पदवी घेतलेल्यांना ती देता येते. आमच्या कॉलेजला ती मान्यता आहे. प्रवेश घेण्याआधी मी सगळ्यात आधी हेच तपासलं होतं, तेव्हा बाबा, फसवलं जाण्याची भीती मनातून काढा.

भाबडेपणाने मात्र मी यात पडलेली नाही. नुसत्या कोडिंगचं काम मोठ्या प्रमाणावर भारतात जातं. आपली नेहा पुण्यात तेच करते, अमेरिकेतल्याच रुग्णांचं. त्यात आता संगणकच कोड सुचवायला लागलाय. म्हणूनच मी सहा महिन्यांचं सर्टिफिकेट न घेता ही पदवी घेते आहे. सुचवलेला कोड बरोबर आहे का, कुणाला कोणती माहिती द्यायची, ऑडिट आलं तर उत्तर कोण देणार, याला माणूस लागणार. पगार सुरुवातीला फार नसेल. दवाखान्यात बसून मिळायचा तो मान मिळणार नाही. ते मी धरून चालले आहे.

वर्गात मी वयाने मोठी, पण सगळ्यात मोठी नाही. नेव्हीत वैद्यकीय मदतनीस असलेला एकजण आहे, या गावात नेव्ही म्हणजे आपल्याकडे साखर कारखाना. एक फिलिपिनो बाई रात्रपाळी करून येतात आणि तरी माझ्यापेक्षा चांगले मार्क पाडतात. त्यांची मुलगी शेजारच्याच इमारतीत नर्सिंगच्या आधीचे विषय करते. दोघी डबा एकत्र खातात.

एक नावडती गोष्टही सांगून टाकते. दिवाळीला येता येणार नाही. शेवटच्या सत्रात हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष काम करावं लागतं, त्याची तारीख मधोमध आली आहे. आणि आई, तिथे कोण ॲडमिट होतं ते मला विचारायचं नाही. आपल्या मंडळातलं कुणी असलं तरीही. कुणी कोणती नोंद कधी उघडली हे संगणकात उमटतं, आणि कामाशिवाय उघडली तर नोकरी जाते.

बाबा, आता तुमच्यासाठी एक काम. एफडी मोडण्यापेक्षा हे करा. अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड आपल्याकडे आहे, पण आतले केसपेपर, सीडी, कोणता स्टेंट घातला त्याचं स्टिकर, हे काहीच नाही. आपल्याकडे मेडिकल कौन्सिलचा 2002 चा नियम आहे. दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायच्या आणि रुग्णाने मागितल्या तर 72 तासांत द्यायच्या. इथे अमेरिकेत तीस दिवसांची मुदत असते, म्हणजे कागदावर तरी आपला नियम जास्त कडक आहे. तुमची तीन वर्षं येत्या फेब्रुवारीत भरतात, त्याआधी मागून घ्या. मागताना नावाबरोबर वय आणि ॲडमिशन नंबर लिहा, नाहीतर त्या अठ्ठावन्न वर्षांच्या गृहस्थांचे पेपर हातात येतील. तुमचा तो सरकारी आरोग्य खात्याचा चौदा आकडी आभा नंबरही फायलीवर लिहून ठेवा, पण जुने कागद त्यात आपोआप जातील या भरवशावर राहू नका.

'रेकॉर्ड सेक्शनचा माणूस रजेवर आहे' असं पहिल्या दिवशी सांगतील. तोंडी विचारून परत येऊ नका. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पुढचं तुम्हाला मी शिकवायला नको.

संदीप आणि ओवीचा नमस्कार.

तुमची,
मनू