बेदगेलर्टचा कुत्रा

मँचेस्टर,
ऑक्टोबरअखेर

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. थोडं तब्येतीचं आणि बाकी सगळं भांडण, म्हणजे तुझंच पत्र. "साहेबाच्या देशात कसली आलीय लोककथा? ज्यांनी अख्खं जग मोजून वहीत लिहिलं, त्यांच्याकडे भुतं टिकतील कशाला?" असं तू विचारतोस. भुतं टिकलीत रे, चांगली धष्टपुष्ट आहेत. पण वहीबद्दल तू बोललास ते खरं. आपल्याकडे एखाद्या दंतकथेचा जन्म विचारला की उत्तर ठरलेलं: "फार पूर्वी." इथे पुष्कळदा सालासकट सांगता येतं, की ही गोष्ट अमक्यानं, अमक्या कारणासाठी इथे आणून बसवली. गंमत म्हणजे हे कळल्यावरही गोष्ट जागची हलत नाही.

त्याआधी तुझा तो "साहेब" जरा दुरुस्त करतो. जुने ब्रिटन म्हणजे इंग्रज नव्हेत. अँगल आणि सॅक्सन टोळ्या समुद्रापलीकडून आल्या त्या पाचव्या-सहाव्या शतकात. त्यांचे वंशज ते इंग्रज. आधीचे ब्रिटन पश्चिमेला सरकत सरकत वेल्स-कॉर्नवॉलच्या डोंगरांत उरले, आणि त्यांच्या बोलीची लेक म्हणजे आजची वेल्श भाषा. आर्थर राजा, जादूगार मर्लिन, लाल ड्रॅगन ही सगळी मंडळी मुळात या हरलेल्यांची. म्हणून मी तुला लंडनला न नेता वेल्समध्ये नेतो.

उत्तर वेल्समध्ये, यर विद्वा म्हणजे स्नोडन या डोंगराच्या पायथ्याशी, बेदगेलर्ट नावाचं दगडी घरांचं गाव आहे. मधून ग्लॅस्लिन नदी वाहते. नदीकाठच्या कुरणातून पायवाटेनं गेलं की झाडाखाली कुंपण घातलेली एक समाधी लागते. शेजारी पाटीच्या काळ्या दगडावर वेल्श आणि इंग्रजीत कथा कोरली आहे. तेराव्या शतकात उत्तर वेल्सचा राजा लुवेलिन याचा इथे वाडा होता. त्याचा लाडका शिकारी कुत्रा गेलर्ट. एक दिवस राजा शिकारीला निघाला, पण गेलर्ट काही आला नाही. राजा परतला तर कुत्रा शेपटी हलवत सामोरा आला. तोंड रक्तानं माखलेलं. आत पाळणा उलटलेला, बाळ दिसेना, दुपटी रक्तात भिजलेली. राजानं तलवार उपसली आणि कुत्र्याच्या कुशीत खुपसली. कुत्र्याच्या शेवटच्या किंकाळीला उत्तर आलं ते बाळाच्या रडण्याचं. पाळण्याखाली बाळ सुखरूप होतं आणि बाजूला एक भलामोठा लांडगा मरून पडला होता. राजा त्यानंतर कधी हसला नाही म्हणतात.

तू इथवर वाचून नक्की ओरडला असशील, "अरे, हे तर आपलं मुंगूस!" मीही तिथे उभा राहून तेच म्हणालो, आणि तेही मराठीत. शेजारचे म्हातारे आजोबा नातवाला थोडे बाजूला घेऊन गेले.

लुवेलिन खरा आहे. लुवेलिन अप योरवर्थ, "थोरला लुवेलिन". वेल्समधला सर्वांत बलाढ्य राजा, १२४० साली वारला. १२०५ मध्ये त्यानं इंग्लंडच्या जॉन राजाच्या मुलीशी लग्न केलं, आणि कवितेप्रमाणे हा कुत्राही सासऱ्यानं दिलेला. पण समाधी? ती अठराव्या शतकाच्या अखेरची. दक्षिण वेल्समधून डेव्हिड प्रिचर्ड नावाचा एक गृहस्थ या गावी आला आणि 'गोट' नावाच्या इथल्या हॉटेलाचा मालक झाला. त्या काळात फ्रान्सशी युद्ध पेटलेलं, श्रीमंत इंग्रजांना युरोपच्या सफरी बंद झालेल्या. म्हणून ते वेल्सचे डोंगर आणि धबधबे बघायला येऊ लागले होते. गावाचं नाव "गेलर्टची कबर" असं आधीपासूनच होतं, बहुधा केलर्ट नावाच्या कुणा जुन्या साधूवरून. प्रिचर्डला कुत्र्याची गोष्ट ठाऊक होती. त्यानं गावच्या मंडळींना हाताशी धरून एक मोठा दगड कुरणात उभा केला आणि कुत्र्याला गावाचं नाव देऊन टाकलं. १८०० साली विल्यम स्पेन्सर या कवीनं त्यावर कविता लिहिली, आणि मग काय, गाव नकाशावर आलं. १८९९ मध्ये याच परिसराच्या लोककथांवर एक पुस्तक निघालं, त्यात हा सगळा उद्योग छापून आला. म्हणजे पितळ उघडं पडून सव्वाशे वर्षं झाली. पण मी गेलो त्या दिवशी भर पावसात तिथे माणसं होती, आणि एक मुलगी अक्षरशः हुंदके देत होती.

प्रिचर्डला लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. धंदा करायचा होता, केला. शिवाय गावानं त्याच्यावर मजेदार सूड घेतलाय. तो १८२१ मध्ये मृत्युपत्र न करता गेला. मग त्याचं भूत हॉटेलाभोवती फिरू लागलं, अशी कथा आहे. शेवटी त्याच्या एका जुन्या गड्यानं हिंमत करून भुताला विचारलं, तेव्हा ते म्हणालं, "बायकोला सांग, चुलीपुढच्या दगडाखाली शंभर गिनी पुरल्यात, त्यातल्या दोन तुझ्या." दगड उचलला, पैसे निघाले, भूत गेलं. खोटी कबर बांधणारा माणूस स्वतःच दंतकथेत जाऊन बसला. हा भाग मला कुत्र्यापेक्षा जास्त आवडतो.

आता मुंगूस तिथे पोचलं कसं? पंचतंत्राच्या शेवटच्या तंत्रात, अपरीक्षितकारकात, ही गोष्ट आहे. सहाव्या शतकात बुर्झोय नावाच्या वैद्यानं पंचतंत्र इराणच्या पहलवी भाषेत नेलं. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं त्याचं अरबी केलं, 'कलीला व दिमना'. त्यातून हिब्रू, हिब्रूतून तेराव्या शतकात लॅटिन, आणि मग युरोपभर. आणखी एक वाट होती, 'रोमचे सात शहाणे' या कथामालेची. तिच्यात मुंगसाचा कुत्रा झाला, साप मात्र सापच राहिला. ही माला चौदाव्या शतकात वेल्श भाषेत आली. "कुत्रा मारणाऱ्या माणसासारखा पस्तावला" अशी वेल्शमध्ये म्हणच आहे, प्रिचर्डच्या कितीतरी आधीपासूनची. म्हणजे गोष्ट डोंगरात रुजलेली होती, त्यानं फक्त तिला पत्ता दिला.

वाटेत फ्रान्समध्ये तर कहर झाला. तेराव्या शतकात एटिएन द बुर्बों हा धर्मोपदेशक लिऑनजवळच्या खेड्यांत गेला, तर बायका आजारी लेकरं घेऊन कुणा संत गिनफोरच्या थडग्याशी नवस बोलायला जात होत्या. चौकशी केली तेव्हा कळलं, संत गिनफोर हा कुत्रा! बाळाला सापापासून वाचवून धन्याच्या हातून मेलेला. एटिएननं हाडं उकरून जाळली, झाडं तोडली. तरी नवस पुढे कित्येक शतकं चालू राहिले.

एक विनंती. हे वाचून लगेच "जगातल्या सगळ्या गोष्टी भारतातूनच गेल्या" असा मेसेज ग्रुपवर टाकू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे. मुंगूस गेलं हे खरं, पण इथल्या सगळ्याच गोष्टींच्या मागे असा माग लागत नाही. काही इथल्याच मातीतल्या आहेत, आणि त्यातली एक बेदगेलर्टपासून अगदी जवळ, दिनास एमरिस नावाच्या टेकडीवर घडते.

वॉर्टिजर्न नावाच्या ब्रिटन राजानं सॅक्सनांना भाडोत्री सैनिक म्हणून बोलावलं, आणि तेच उरावर बसले. पळून तो या टेकडीवर किल्ला बांधू लागला. दिवसा रचलेलं रात्री नाहीसं व्हायचं. शहाण्यांनी सांगितलं, बाप नसलेल्या मुलाचं रक्त किल्ल्याच्या पायावर शिंपडा. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची कथा तुला आठवत असेल; बुरूज टिकेना म्हणून पायात जिवंत जोडपं गाडल्याची. तिथे बळी गेले. इथे मुलानं उलट पंडितांनाच विचारलं, "या जमिनीखाली काय आहे ते सांगा बघू." कुणाला येईना. मग त्यानंच सांगितलं की खाली तळं आहे, त्यात दोन ड्रॅगन झोपलेत. खणलं, तर खरंच. एक लाल, एक पांढरा, दोघं झुंजले. आधी पांढरा वरचढ झाला, शेवटी लालनं त्याला पळवलं. मुलगा म्हणाला, लाल आपण, पांढरे सॅक्सन. सुमारे ८३० सालच्या एका लॅटिन इतिहासात ही कथा लिहिलेली आहे. तिथे मुलाचं नाव अँब्रोसियस. सुमारे ११३६ मध्ये जेफ्री ऑफ मॉनमथ या लेखकानं ती पुन्हा सांगताना त्याचा मर्लिन केला. १९५०च्या दशकात टेकडीवर खणलं तेव्हा त्या जुन्या काळातल्या वस्तीच्या खुणा मिळाल्या, आणि तिथे तळंही आहे. ड्रॅगन १४८५ मध्ये हेन्री ट्यूडरच्या निशाणावरून बॉसवर्थच्या लढाईत गेला आणि हेन्री इंग्लंडचा राजा झाला. १९५९ पासून तोच वेल्सचा अधिकृत झेंडा आहे.

आर्थरबद्दल फार लिहीत नाही, तू वाचलंयस. एवढंच सांगतो की त्याची कबर "सापडली" ती ग्लास्टनबरीच्या मठात, ११९१ साली. मठ ११८४ मध्ये जळून खाक झाला होता आणि पैसा हवा होता. खोल खड्ड्यात प्रचंड हाडं, नाव कोरलेला शिशाचा क्रूस, राणीची सोनेरी बट; एका भिक्षूनं ती उचलली तर तिची माती झाली. वेल्श लोक म्हणत होते, आर्थर मेला नाही, परत येणार. त्यांच्याशी लढणाऱ्या इंग्रज राजाला आर्थरची हाडं फार सोयीची होती. १२७८ मध्ये पहिल्या एडवर्डनं ती थाटामाटानं पुन्हा पुरली, आणि चारपाच वर्षांत वेल्स जिंकून घेतलं. प्रिचर्डची कबर याच्यापुढे किती निरुपद्रवी, सांग.

पण खरी लिहायची होती ती पुढची गोष्ट. दक्षिण वेल्समध्ये लिन अ वान वाख नावाचं एक डोंगरातलं तळं आहे. तिथे गुरं राखणाऱ्या पोराला पाण्यावर केस विंचरणारी बाई दिसली. त्यानं जवळची भाकरी पुढे केली. ती म्हणाली, "फार कडक." दुसऱ्या दिवशी त्यानं न भाजलेलं पीठच नेलं, "फार कच्चं." तिसऱ्या दिवशी अर्धवट भाजलेली नेली, तेव्हा ती हसली. लग्नाला अट एकच: विनाकारण तीन फटके मारलेस तर मी परत जाईन. हुंड्यात तळ्यातून गुरंढोरं आली, संसार झाला, मुलगे झाले. एका बारशाला जायला ती रेंगाळली, म्हणून त्यानं हातमोज्यानं खांद्यावर हलकेच थोपटलं. एक. मग एका लग्नात ती रडू लागली. का, विचारत त्यानं हात लावला. ती म्हणाली, "यांचे कष्ट आता सुरू झाले. आणि तुझेही, हे दुसरं." पुढे एका मयतात ती खळखळून हसली. "गप गं," म्हणून त्यानं स्पर्श केला. "याचे कष्ट संपले म्हणून हसले," असं म्हणून ती उठली. एकेका गाईला नावानं हाक मारत तळ्याकडे निघाली. कापून टांगलेलं काळं वासरू आकड्यावरून उतरून मागे गेलं. नांगराला जुंपलेले बैल नांगरासकट गेले, आणि त्यांनी काढलेली सरी अजून दाखवतात. नंतर तिनं मुलांना येऊन औषधी वनस्पती शिकवल्या. मध्वाईचं वैद्यांचं घराणं त्यांच्यापासूनचं मानतात. ते घराणं खरं आहे, पिढ्यानपिढ्या अठराव्या शतकापर्यंत चाललं.

ही मात्र कुणी हॉटेलवाल्यानं केलेली नाही. उर्वशी-पुरूरव्याची आठवण येते, पण इथे कुठल्या भाषांतराचा माग नाही, आणि मला तो शोधायचाही नाही. लग्नात रडणारी आणि मयतात हसणारी बाई अशी सहजासहजी परक्या देशातून आणता येते असं वाटत नाही.

आणि तुझ्या भुतांसाठी यॉर्कशायरचा बॉगार्ट. हा घरातला खोडकर प्राणी. दूध नासवतो, पांघरुणं ओढतो. शेतकऱ्याचं कुटुंब कंटाळून सामान गाडीवर लादून निघालं. शेजाऱ्यानं विचारलं, "निघालात वाटतं?" तर गाडीवरच्या पिंपातून आवाज आला, "हो, निघालोय आम्ही!" मग शेतकऱ्यानं गाडी फिरवली आणि परत जुन्याच घरी आला.

आता तुझ्याकडे एक काम. पंचतंत्रात मुंगसाला मारते ती आई, डोक्यावरची घागर टाकून. हितोपदेशात मारतो तो बाप, कारण आई आंघोळीला गेलेली असते आणि तो राजाकडे श्राद्धाचं दान घ्यायला जाऊन आलेला असतो. तुझ्या आईची गोष्ट यातली कुठली? मला वाटतं, ती घागरवालीच सांगायची, पण शाळेच्या पुस्तकातली तिच्या तोंडी बसली असेल तर कळत नाही. काकूंना नीट विचार, मुंगूस मेल्यानंतर काय होतं तेही विचार, आणि त्या सांगतील तसंच लिही. तू सुधारू नकोस.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
डोंगरात मराठीत ओरडणारा